मुलांची आत्मप्रतिमा व वाचन-प्रगती

मूल स्वतःला काय समजते आणि ते वाचावयास कितपत शिकते, या दोन गोष्टींमधील परस्परसंबंध हा शैक्षणिक मानसशास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातत्याने अभ्यासला गेलेला विषय आहे. आत्मप्रतिमा म्हणजे स्वतःची क्षमता, स्वभाव आणि इतरांच्या दृष्टीने असलेले आपले स्थान यांविषयी व्यक्तीच्या मनात तयार झालेले चित्र. या चित्राविषयी तिला वाटणारे समाधान किंवा असमाधान म्हणजे आत्मसन्मान. दोहोंत भेद करणे आवश्यक आहे. कारण आपण वाचनात कच्चे आहोत हे पक्के ठाऊक असूनही त्याची फारशी खंत न बाळगणारी मुले असतात, तशीच चांगले वाचता येत असूनही मोठ्या भावंडाच्या तुलनेत स्वतःला कमी लेखणारी मुलेही असतात. ‘समोरचा हा उतारा मला वाचता येईल’ असा विशिष्ट कामापुरता जो विश्वास असतो, तो या दोहोंहून वेगळा होय. ॲल्बर्ट बंड्यूरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ मध्ये या विश्वासाचे स्वतंत्र विवेचन केले. जुन्या लेखनात या तिन्ही कल्पनांची सरमिसळ झालेली आढळते आणि परस्परविरोधी निष्कर्षांचे बरेचसे मूळ तेथेच आहे.

विषयाची तात्त्विक बैठक बरीच जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांनी आपल्या १८९० च्या ग्रंथात आत्मसन्मान हे एक गुणोत्तर मानले : अंशस्थानी यश व छेदस्थानी व्यक्तीच्या स्वतःकडून असलेल्या अपेक्षा. यश वाढवून जसा आत्मसन्मान वाढतो, तसाच तो अपेक्षा घटवूनही वाढविता येतो, हे या सूत्रातून सहजच निष्पन्न होते. वाचनात मागे पडलेले मूल तिसरी-चौथीच्या सुमारास ‘मला पुस्तके आवडतच नाहीत’ असे म्हणू लागते, तेव्हा ते बहुधा छेद कमी करीत असते. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली (१८६४–१९२९) यांनी १९०२ मध्ये आरशाचा दृष्टांत योजला. आपण इतरांना कसे दिसतो, त्यावर ते काय मत बनवितात आणि त्या मताने आपल्याला अभिमान वाटतो की लाज, या कल्पनांमधून ‘मी’ घडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जॉर्ज हर्बर्ट मीड (१८६३–१९३१) यांनी हाच विचार पुढे नेला. मुलाच्या बाबतीत हा आरसा प्रथम आईवडिलांचा, नंतर शिक्षकांचा आणि लवकरच शेजारी बसणाऱ्या सवंगड्याचा असतो.

वाचनाचे या बाबतीत एक खास वैशिष्ट्य आहे. पाटीवर चुकलेले गणित पुसून टाकता येते. वर्गात उभे राहून वाचताना झालेली चूक मात्र उच्चारताक्षणीच सर्वांची होते. अडखळणे, पुढच्या शब्दापूर्वीची शांतता, मागच्या बाकावरून आलेले कुजबुजते उत्तर व त्यामागचे हसू या साऱ्यांचा अनुभव मूल एकाच वेळी घेते. शिवाय वाचन हा एक विषय नसून इतर विषयांचे द्वार आहे. ज्याला उदाहरणातील वाक्ये वाचता येत नाहीत, त्याचे गणितही चुकते. इतिहास-भूगोल तर त्याला ऐकीव राहतात. त्यामुळे वाचनातील अपयश आत्मप्रतिमेच्या एका कोपऱ्यात न राहता सर्वत्र पसरण्याची शक्यता असते.

वाचनाच्या अपयशाचा बुद्धीशी संबंध जोडण्याची सवय किती फसवी असते, याचे पहिले प्रसिद्ध उदाहरण १८९६ सालचे आहे. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी *ब्रिटिश मेडिकल जर्नल*मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, त्याची दृष्टी उत्तम होती, खेळांत तो समवयस्कांच्या मागे नव्हता. पण अनेक वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नसत. सर्व शिक्षण केवळ तोंडी असते, तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. स्वतःचे नाव लिहितानाही त्याने अक्षरांची अदलाबदल केली आणि पुन्हापुन्हा लक्ष वेधेपर्यंत ती त्याच्या ध्यानात आली नाही. (मराठीत सांगावयाचे, तर त्याच्या हातून ‘पर्सी’चा ‘प्रेसी’ झाला.) मॉर्गन यांनी हा जन्मजात दोष मानला. पुढे या अवस्थेस वाचनअक्षमता असे नाव मिळाले. पर्सीला स्वतःविषयी काय वाटत होते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

कार्य की कारण : दवाखान्यांतून व मार्गदर्शन केंद्रांतून काम करणाऱ्यांना एक गोष्ट फार पूर्वीच जाणवली होती : वाचनात मागे असलेल्या मुलांची आत्मप्रतिमा बहुधा मलिन असते. पण वाचता न आल्यामुळे ती मलिन झाली, की मलिन असल्यामुळे वाचन खुंटले, याचा निर्णय केवळ निरीक्षणाने लागणे शक्य नव्हते. विल्यम वॉटनबर्ग व क्लेअर क्लिफर्ड यांनी अमेरिकेतील डिट्रॉइट शहरातील मुलांवर केलेला आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. वाचन शिकविण्यास आरंभ होण्यापूर्वी, म्हणजे बालवर्गातच, त्यांनी मुलांच्या आत्मप्रतिमेचा अंदाज घेतला. कुटुंबाचे चित्र काढताना मूल जे बोलते ते टिपून घेणे आणि अपुरी वाक्ये त्याच्याकडून पुरी करवून घेणे, अशी त्यांची पद्धती होती. अडीच वर्षांनंतर त्याच मुलांची वाचनातील प्रगती तपासली असता बालवर्गातील नोंदींवरून तिचे काही प्रमाणात पूर्वानुमान करता येते, असे दिसून आले. लक्षणीय बाब अशी, की या नोंदींचा बुद्धिमापन चाचणीतील गुणांशी फारसा संबंध नव्हता. तेव्हा हुशार मूल स्वतःला चांगले समजते आणि हुशार म्हणूनच चांगले वाचते, असा साधा खुलासा येथे पुरेसा पडत नाही.

याच सुमारास मिशिगन राज्य विद्यापीठातील विल्बर ब्रुकोव्हर (१९११–२००३) व त्यांचे सहकारी सातवीतील सु. एक हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास करीत होते व पुढे अनेक वर्षे त्यांनी त्यांचे अनुधावन केले. स्वतःच्या शालेय क्षमतेविषयीची धारणा व परीक्षेतील यश यांचा सहसंबंध बुद्ध्यंकाचा प्रभाव वजा केल्यानंतरही टिकून राहतो, असे त्यांना आढळले. त्यांचा एक निष्कर्ष विशेष मार्मिक आहे. स्वतःला समर्थ मानणारे पुष्कळ विद्यार्थी प्रत्यक्षात मागे होते. परंतु स्वतःला असमर्थ मानणारे आणि तरीही पुढे असलेले विद्यार्थी मात्र विरळा होते. म्हणजे अनुकूल आत्मप्रतिमा ही यशाची आवश्यक अट असू शकेल. पुरेशी अट नव्हे.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात डेनिस लॉरेन्स या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग (१९७१) या सर्वांहून धाडसी होता. वाचनात मागे असलेल्या प्राथमिक शाळेतील मुलांचे त्यांनी चार गट केले. एका गटाला वाचनाचे उपचारात्मक अध्यापन दिले, दुसऱ्याला त्याबरोबरच वैयक्तिक समुपदेशन, तिसऱ्याला केवळ समुपदेशन आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. समुपदेशन म्हणजे एखाद्या आस्थेवाईक प्रौढ व्यक्तीने मुलाशी नियमितपणे एकांतात मोकळेपणाने बोलणे. त्यात वाचनाचा पाठ नसे. तरीही केवळ समुपदेशन मिळालेल्या मुलांची वाचनातील प्रगती केवळ उपचारात्मक अध्यापन मिळालेल्या मुलांहून सरस ठरली. पुढे लॉरेन्स यांनी व्यावसायिक नसलेल्या, पण सहृदय अशा व्यक्तींकडून हे काम करवून पाहिले आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे मूळ गट लहान होते, हे येथे नमूद करावयास हवे. पण ज्या मुलाशी शाळेत वाचनाखेरीज कोणी काही बोलतच नाही, त्याच्याशी कोणीतरी माणूस म्हणून बोलणे, याचा परिणाम उपेक्षणीय नसतो, हे या प्रयोगाने दाखविले.

या संशोधनाचे लोकप्रिय रूप मात्र भलतेच झाले. मुलाला स्वतःविषयी चांगले वाटू द्या, म्हणजे विद्या आपोआप येईल, असा समज अमेरिकेत पसरला. कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ मध्ये आत्मसन्मानाच्या संवर्धनासाठी एक कार्यदलच नेमले. त्याचा अहवाल १९९० मध्ये आला. पण त्याच्या कामासाठी विद्वानांनी जो पुराव्याचा आढावा घेतला होता, त्यात आत्मसन्मानाचे परिणाम अपेक्षेपेक्षा फारच क्षीण आढळले होते. रॉय बाउमाइस्टर व सहकारी यांनी २००३ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यातही केवळ आत्मसन्मान वाढविल्याने शालेय संपादणूक वाढते, या मताला आधार मिळाला नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला ‘तू किती छान वाचतोस’ असे म्हणणे ही एक प्रकारची फसवणूक आहे आणि मूल ती ओळखते.

न्यूझीलंडमधील अनुधावन : उलट दिशेचा पुरावाही दरम्यान साचत होता. ब्रुकोव्हर यांच्याच सामग्रीचे रॉबर्ट कॅल्सिन व डेव्हिड केनी यांनी १९७७ मध्ये नव्या सांख्यिकीय रीतीने पुनर्विश्लेषण केले, तेव्हा आधी संपादणूक व मागाहून धारणा असा क्रम अधिक संभाव्य ठरला. आरंभीच्या वाचनापुरते या प्रश्नाचे सर्वांत बारकाईचे काम न्यूझीलंडमध्ये झाले. त्या देशात मूल सामान्यतः पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत दाखल होते आणि वाचनाला लगेच आरंभ होतो. जॉन निकल्स यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना एक चेहऱ्यांची रांग दाखविली. एका टोकाला वर्गातील सर्वांत चांगला वाचक व दुसऱ्या टोकाला सर्वांत कच्चा. आपण यांत कोठे, हे मुलाने दाखवावयाचे. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी स्वतःला पहिल्या टोकाजवळ ठेवले. मग त्यांना वाचता येवो वा न येवो. वय वाढत गेले तसतसे मुलांचे उत्तर त्यांच्या खऱ्या स्थानाशी जुळत गेले. बालपणीचा हा आशावाद निसर्गाची देणगी म्हणावी लागेल. कारण त्याच्याच बळावर मूल शेकडो चुका करीत बोलावयास, चालावयास आणि वाचावयासही शिकते. सात-आठ वर्षांच्या सुमारास तुलनेची जाणीव तीव्र होते आणि हे कवच गळून पडते. वाचन तोवर हाती लागले नसेल, तर पुढचा मार्ग कठीण होतो.

मॅसी विद्यापीठातील जेम्स चॅपमन व विल्यम टनमर यांनी १९९५ मध्ये लहान मुलांच्या वाचनविषयक आत्मप्रतिमेचे तीन घटक वेगळे केले : वाचन सोपे वाटते की अवघड, ते आपल्याला जमते की नाही आणि ते आवडते की नाही. त्यांच्या मापिकेत मुलाला या तिन्ही प्रकारचे साधे प्रश्न विचारले जात. आरंभीच्या वर्षात हे घटक आणि प्रत्यक्ष वाचनक्षमता यांचा संबंध दुबळा असतो व पुढे तो दृढ होतो, असे त्यांना आढळले. जेन प्रॉक्नाउ यांच्यासह २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी तिसऱ्या वर्षी शालेय आत्मप्रतिमा स्पष्टपणे प्रतिकूल असलेली मुले निवडून त्यांच्या आधीच्या नोंदी पाहिल्या. शाळाप्रवेशाच्या वेळी या मुलांना अक्षरांची नावे कमी येत होती आणि शब्दातील सुटे ध्वनी ओळखण्याची जाण, म्हणजेच ध्वनिजाणीव, त्यांच्यात क्षीण होती. म्हणजे मनाची पडझड होण्यापूर्वीच कौशल्याचा पाया कच्चा राहिलेला होता. त्या काळी न्यूझीलंडच्या शाळांत, अनोळखी शब्द आला असता चित्रावरून व संदर्भावरून तो ताडावा, यावर मोठा भर होता. ज्याला अक्षरे उलगडता येतात त्याला असे ताडणे साहाय्यक ठरते. ज्याला येत नाहीत, त्याला मात्र प्रत्येक पान म्हणजे अंदाजाचा खेळ होतो आणि त्यात तो पुन्हापुन्हा हरतो.

या हरण्याचे चक्र कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ च्या प्रसिद्ध निबंधात उलगडून दाखविले. रॉबर्ट मर्टन (१९१०–२००३) यांनी विज्ञानाच्या समाजशास्त्रात रूढ केलेली ‘मॅथ्यू परिणाम’ ही संज्ञा त्यांनी वाचनाला लावली. ‘ज्याच्याजवळ आहे त्याला अधिक मिळेल’ या आशयाच्या बायबलमधील वचनावरून ती आली आहे. सुलभ वाचणारे मूल अधिक वाचते, त्यामुळे त्याचा शब्दसंग्रह वाढतो आणि पुढील वाचन अधिक सुलभ होते. अडखळणारे मूल वाचन टाळते आणि टाळल्यामुळेच अधिक मागे पडते. टाळण्याच्या या वळणावर आत्मप्रतिमेचे खरे कार्य घडते. तिने अक्षरओळख होत नाही की अडत नाही. ती ठरविते ते एवढेच, की अवघड ओळीपाशी मूल थांबून पुन्हा प्रयत्न करील की पुस्तक मिटील. अनेक अनुधावन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या जेफ्री व्हॅलेंटाइन व सहकारी यांना (२००४) पूर्वीची संपादणूक जमेस धरल्यानंतर आत्मविषयक धारणांचा पुढील संपादणुकीवरील परिणाम सरासरीने अल्प, सु. ०·०८ एवढाच आढळला. परंतु धारणा त्याच विषयापुरती मोजली असता तो अधिक होता. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ काम केलेल्या हर्बर्ट मार्श यांनीही वाचनविषयक व गणितविषयक आत्मप्रतिमा जवळजवळ स्वतंत्र असतात, असे दाखवून दिले आहे. आज बहुतेक अभ्यासक परस्परपरिणामाची भूमिका घेतात. मात्र आरंभीच्या एकदोन वर्षांत कौशल्याकडून आत्मप्रतिमेकडे जाणारा प्रवाह अधिक बलवान असतो, असे प्रस्तुत पुराव्यावरून म्हणावे लागते.

वर्ग व शिक्षक : रॉबर्ट रोझेंथाल व लेनोर जेकबसन यांच्या १९६८ च्या ग्रंथाने शिक्षकाच्या अपेक्षेचा प्रश्न गाजविला. काही मुले लवकरच बौद्धिक झेप घेणार आहेत, असे शिक्षकांना सांगितले गेले; वस्तुतः ही नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया निवडली होती. पहिली-दुसरीतील अशा मुलांची प्रगती अधिक झाल्याचा दावा लेखकांनी केला. त्यातील मापनपद्धतीवर रॉबर्ट थॉर्नडाइक यांच्यासारख्या तज्ञांनी कठोर टीका केली आणि ती रास्त होती. वर्गातील सूक्ष्म व्यवहारांचा पुरावा त्याहून विश्वसनीय आहे. रिचर्ड ॲलिंग्टन यांनी १९८० मध्ये दाखविले, की प्रकटवाचनात कच्च्या वाचकाची चूक होताच शिक्षक त्याला चटकन मध्येच थांबवितात, तर चांगल्या वाचकाला वाक्य पुरे करू देतात. चांगला वाचक त्यामुळे स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करावयास शिकतो. कच्चा वाचक प्रत्येक शब्दानंतर मान वर करून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. ऑक्लंडजवळील मांगेरे येथे टेड ग्लिन, स्टुअर्ट मॅकनॉटन व सहकारी यांनी १९७०–८० या दशकाच्या अखेरीस पालकांना एक साधी रीत शिकविली : मूल अडले की काही क्षण गप्प राहावे, मग शब्द न सांगता दुवा द्यावा आणि त्याने स्वतः दुरुस्ती केली की तिची दखल घ्यावी. त्या चार-पाच क्षणांचे मौन पाळणे हेच पालकांना सर्वांत अवघड जाते. स्तुतीच्या बाबतीतही असाच विवेक हवा. क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांच्या प्रयोगांत (१९९८) बुद्धीबद्दल वाखाणलेली मुले पुढील अपयशाने अधिक खचली. प्रयत्नाबद्दल वाखाणलेली मुले तुलनेने टिकून राहिली.

मराठी मुलाच्या संदर्भात : मराठीत मंदबुद्धी म्हणून हिणवावयाच्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मीपासून ज्याचे रूप फारसे बदलले नाही असे हे अक्षर, म्हणून ‘शिकून न सुधारणारा तो ढ’ अशी एक उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, अक्षर न येणाऱ्याला अक्षराचेच नाव चिकटावे, यातील क्रौर्य ध्यानात घेण्यासारखे आहे. देवनागरीत अक्षर व ध्वनी यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळच नियमित आहे. पण काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरता ओळखावयाच्या आकृत्यांची संख्या फार मोठी होते. सोनाली नाग यांनी कन्नड या तत्सम रचनेच्या लिपीविषयी २००७ मध्ये असे दाखविले, की अक्षरांवर पुरते प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची अनेक वर्षे लागतात. तेव्हा दुसरीतील मुलाला जोडाक्षरे अडली, तर ते मागासलेपणाचे लक्षण मानणे चूक होय. याखेरीज अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोंडी, कोरकू, भिल्ली बोलणाऱ्या घरांतील मुलाला पहिल्या पाठातच आपल्या तोंडच्या शब्दाला चूक म्हटलेले ऐकावे लागते. त्याने शब्द नीट वाचून आपल्या बोलीतील उच्चाराने म्हटला, तर ती वाचनातील चूक नव्हे, हा भेद अनेक वर्गांत पाळला जात नाही. मुलाच्या दृष्टीने मात्र तेथे त्याचे वाचन नव्हे, त्याची आई व त्याचे घर चुकलेले असते.

वाचनअक्षमतेविषयीची जाणीव महाराष्ट्रात १९९०–२००० या दशकात वाढली. मुंबईत १९९६ मध्ये महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली व अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू लागल्या. *तारे जमीन पर* (२००७) या हिंदी चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. निदान झाल्यावर पुष्कळ मुलांना सुटल्यासारखे वाटते. आपण आळशी वा मूर्ख नसून आपली अडचण नाव असलेली आहे, हे कळण्याचे मोल मोठे असते. मात्र हेच नाव नव्या शिक्क्यासारखे वापरले गेले, तर लाभ उलटतो.

मागे पडलेल्यांची संख्या पाहता हा प्रश्न थोड्यांचा राहत नाही. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार २०१८ मध्ये पाचवीतील सु. निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. ही पाहणी करणाऱ्या ‘प्रथम’ या मुंबईत उदय पावलेल्या संस्थेने इयत्तेऐवजी प्रत्यक्ष वाचनपातळीनुसार मुलांचे गट करून शिकविण्याची पद्धती विकसित केली. तिच्या आधीच्या टप्प्यावर, २००१–०३ या काळात, मुंबई व बडोदे येथील शाळांत वस्तीतीलच तरुण ‘बालसखी’ तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सु. दोन तास वेगळे शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व सहकारी यांनी केलेल्या मूल्यमापनात (२००७) त्यांची संपादणूक वाढल्याचे स्पष्ट झाले. हे मूल्यमापन कौशल्याचे होते. आत्मप्रतिमेच्या दृष्टीने पाहता पातळीनुसार गट करण्यात एक धोका उघड आहे : गटांना पक्ष्यांची नावे द्या वा रंगांची, कोणता गट कच्च्यांचा हे मुलांना पहिल्याच दिवशी कळते. अमेरिकन शाळांतील वाचनगटांचा अनुभव असा आहे, की पहिलीत खालच्या गटात बसलेले मूल पुढेही बहुधा तेथेच राहते. ‘प्रथम’च्या वर्गांत गट अल्पकाळाचे ठेवतात, ‘अक्षर’, ‘शब्द’, ‘परिच्छेद’ अशी पातळीची नावे मुलाला नव्हे, तर त्याच्या त्या वेळच्या टप्प्याला दिलेली असतात आणि थोड्या थोड्या अवधीने पुन्हा चाचणी घेऊन मुलाला पुढच्या गटात बसविले जाते. शब्दांच्या गटातून उठून गोष्टीच्या गटात जाऊन बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला आपण पुढे सरकलो हे कोणी सांगावे लागत नाही.